वरचे, खालचे आणि आंबट ताक

सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, की विजापूर रोडच्या कडेला हुरड्याच्या पाट्या लागतात. सकाळी अजून शाल लागते, पण दुपारचं ऊन चावायला लागलेलं असतं, आणि शेणीच्या धुराचा वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येतो. परवा मी थांबले. पाटीवाली बाई म्हणाली, "घ्या की ताई, आजच काढल्यात कणसं. लई गोड हायत." मी वरच्या कणसातला एक दाणा काढून चावला, मधल्यातला एक चावला आणि मग पाटीच्या तळाशी हात घातला. बाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अडतीवाल्याच्या घरातल्या दिसताय."

खरंच होतं ते. मार्केट यार्डात आमच्या अप्पांची धान्याची अडत. पोतं कितीही चांगलं दिसो, त्यात लोखंडी टोचणी खोल खुपसून तळाचे दाणे तळहातावर घेतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला भाव सांगितला नाही. शेतकरी मैंदर्गीचा असो की सांगोल्याचा, पाहुणा असो की सोयरा, टोचणी सगळ्यांना सारखीच. हीच पद्धत त्यांनी घरातही चालवली. आम्ही दोघी बहिणी आजारी पडलो तरी ते आधी कपाळाला हात लावून बघत आणि मग थर्मामीटरवरही विश्वास ठेवत नसत. माझा स्वभाव कुठून आला, हे मला कुणी विचारू नये.

हुरड्याची पिशवी घेऊन घरी येते तोच फोन आला. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून याल का, असं एक गोड आवाजातली मुलगी विचारत होती. मी हो म्हटलं. तासाभरात वरच्या कॉलेजातून एका सरांचा फोन. "मॅडम, अभिनंदन. सहज विचारतो, आपण खालच्या कॉलेजच्या ना?" मी म्हटलं, हो. सरांनी फोन ठेवला. चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात खालच्या कॉलेजातून फोन. "मॅडम, आपल्याच तुम्ही. पण सहज विचारतो, तुमची बहीण वरच्या कॉलेजची ना?" मी म्हटलं, हो. त्यांनीही फोन ठेवला. सोलापुरात 'सहज विचारतो' म्हणणारा माणूस कधीच सहज विचारत नसतो. मला मनातून फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत काही म्हणजे काहीही बदललेलं नव्हतं.

शहरात कॉलेजं पुष्कळ आहेत, पण या दोघांच्या लेखी दोनच. एक चढावर, एक उतारावर, म्हणून एक वरचे आणि एक खालचे. बारावीला ज्यांचे फोटो पेपरात येतात ती पोरं या दोहोंपैकी एकीकडे जातात, आणि प्रवेश झाल्या दिवसापासून दुसरीकडे गेलेल्या मित्राला ओळख दाखवावी की नाही याचा विचार करू लागतात. वरचे म्हणायचे, खालच्यांची इमारत जुनी आहे आणि आत शिकवतात तेही त्याच वयाचं आहे. खालचे म्हणायचे, वरच्यांच्या ग्रंथालयातली पुस्तकं नवी कोरी आहेत, कारण ती अजून कुणी उघडलेली नाहीत. वरच्यांनी गणवेशाला टाय लावला, त्याच आठवड्यात खालच्यांनी आपला काढून टाकला. दोघांच्याही फाटकावर 'जिल्ह्यात प्रथम' असा फलक असे. कशात प्रथम, ते कुणीच लिहीत नसे.

या सगळ्याचा कळस म्हणजे जानेवारीतली वादविवाद स्पर्धा आणि तिचा फिरता करंडक. ज्या वर्षाची आठवण मला हुरड्याच्या धुरासरशी येते, त्या वर्षी मी खालच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि माझी अक्का, शैला, वरच्या कॉलेजात शेवटच्या. दोघीही आपापल्या संघात. घरात खोली एकच. मग अक्कानं खोलीच्या मधोमध दोरी बांधून तिच्यावर आपली जाडजूड सोलापुरी चादर टाकली. चादरीच्या पलीकडे वरचे, अलीकडे खालचे. ती मुद्दे पाठ करताना पंखा मोठा करायची, मी वाचताना रेडिओ लावायचे. तिच्या मोबाइलवर मेसेज आला की ती आधी चादरीकडे बघायची. अव्वा, म्हणजे आमची आई, चहाचे दोन कप घेऊन यायची आणि वैतागून आधी कानडीत, मग मराठीत म्हणायची, "साकु, साकु! पुरे झालं तुमचं. एकाच पोटातनं आलाय नव्हं दोघी?" त्यावर आम्ही दोघीही काही बोलायचो नाही, कारण काय बोललं तर समोरच्याला काय कळेल याचा भरवसा नव्हता.

माझ्यासाठी हा खेळ होता. अक्कासाठी तो खेळ नव्हता. तिला वकील व्हायचं होतं आणि मैंदर्गीहून तिला स्थळ आलं होतं. माणसं चांगली, किराण्याचं दुकान चालतं, मुलगा शांत. फक्त त्यांना उन्हाळ्यातच लग्न हवं होतं, आणि सुनेनं काळा कोट घालून कोर्टात उभं राहणं त्यांना पटत नव्हतं. अप्पांनी होकार ओठांवर आणून ठेवला होता. अक्कानं जेवणाच्या ताटावरच सांगितलं, "मला लॉ करायचंय." अप्पा घास चावत राहिले. मग म्हणाले, "तुला बोलता येतं म्हणून समदे सांगतात. मी ऐकलेलं न्हाय. एकदा ऐकतो, मग मैंदर्गीला काय कळवायचं ते कळवतो. पण कवा येईन, कुटं बसेन, ते सांगणार न्हाय. सांगून आल्यावर कुणीबी चांगला मालच वर मांडतंय."

अक्काच्या कॉलेजातल्या दिवसांतली ती शेवटची स्पर्धा होती. म्हणजे अप्पा येणार तर तिथंच येणार, हे उघड होतं. त्या एका भाषणावर तिचं पुढचं सगळं अडकलं होतं. तिनं त्या दिवसांत शेंगदाणे खाणं सोडलं, आइस्क्रीम सोडलं, माझ्यावर ओरडणंसुद्धा सोडलं. आवाज जपायचा म्हणून. कारण त्या स्पर्धेची एक रीत होती. माइक व्यासपीठावर असे, पण तो निवेदकापुरता. वरचे आणि खालचे, दोघांपैकी कुणीही माइकला हात लावत नसे. नियम कुठंच लिहिलेला नव्हता, पण माइक ओढणारा वक्ता म्हणजे लढाईआधीच हरलेला, असं दोन्हीकडच्या पोरांनी ठरवून टाकलं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या छातीच्या जोरावर ऐकू गेलं पाहिजे.

दुसरी एक रीत होती हुरड्याची. पूर्वी कुणा प्राचार्यांना वाटलं, पोरांमध्ये जरा गोडी व्हावी, म्हणून स्पर्धेच्या आधीच्या रविवारी दोन्ही संघांनी एकत्र हुरडा खायचा. एका वर्षी हे यजमान, एका वर्षी ते. हेतू फारच चांगला होता. त्यातून एवढंच साधलं, की वर्षभर लांबून एकमेकांवर संशय घेणारी माणसं एक दुपार जवळ बसून संशय घेऊ लागली. हुरडा खायला हवा, तो नाकारला तर भ्याले म्हणतील. आणि खाल्ला तर घशाचं काय? शेंगाचटणीत तिखट जास्त पडलं तर? हुरड्यावर गार पाणी प्यायलं की घसा धरतो, हे तर सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. हुरड्यावर प्यायचं ते ताक. तेव्हा सगळी मदार ताकावर.

त्या वर्षी यजमान आम्ही. अक्कलकोट रस्त्याला आमच्या संघातल्या एकाच्या मामांचं शेत होतं. ज्वारी पुरुषभर उंच, वाऱ्यानं सळसळत होती. मामांनी खड्डा करून शेण्या पेटवल्या होत्या, कणसं निखाऱ्यात टाकत होते, आणि भाजलेलं कणीस गोणपाटावर चोळून हिरवे दाणे आमच्या पुढ्यात ओतत होते. हाताला चटके बसत होते, दाण्यांतून वाफ निघत होती. इतकं गोड काही मी नंतर खाल्लं असेन असं वाटत नाही, पण त्या दिवशी त्याची चव घेत कोण होतं? वरचे जीपमधून उतरले ते आपली चटणी, आपला गूळ आणि आपलं ताक घेऊन. ताकाचा मोठा स्टीलचा डबा त्यांचा कर्णधार गिरीश यानं लिंबाच्या सावलीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. वर झाकण, झाकणावर ओलं फडकं.

आमच्यात लगेच कुजबुज. पाहुण्यांनी ताक घरून का आणावं? इम्रान, आमचा दुसरा वक्ता, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कुछ तो बी हय उसमें. ज्येष्ठमध डालके लाए होंगे, आवाज के वास्ते. चुपकेसे अदला-बदली करतें क्या?" आमची कर्णधार मीनल मॅथ्सची. ती डब्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा उघड्यावर ठेवलाय म्हणजे आपण हात लावावा अशीच त्यांची इच्छा आहे. कुणीही त्या डब्याच्या जवळ जायचं नाही." आम्ही कुणीही गेलो नाही. आमच्या मडक्यातलं ताक ताजं होतं, मामींनी सकाळीच घुसळलेलं. पण ते वरच्यांपैकी कुणी तोंडाला लावलं नाही, कारण ते आमचं होतं.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. मीनलनं ओळखलं ते अगदी खरं होतं. त्या डब्यात शिळं, आंबून फसफसलेलं ताक होतं. गिरीशचा हिशोब असा, की खालचे चोरून तेच पिणार आणि स्पर्धेत त्यांचे घसे बसणार. त्याच्या संघासाठी ताजं ताक जीपच्या सीटखाली दुसऱ्या डब्यात होतं. आता ही गोष्ट निदान आपल्या माणसांना सांगून ठेवायची की नाही? पण गिरीशनं कुणालाच सांगितली नाही. संघात शैला होती, आणि शैलाची बहीण खालच्यांत होती. चादर असली तरी खोली एकच, बातमी फुटायची. तो आपला बाभळीच्या आड उभा राहून आम्ही डबा कधी उचलतो याची वाट बघत बसला. इकडे वरच्यांना हुरडा खाऊन तहान लागली. यजमानांचं ताक प्यायचं नव्हतं. समोर आपला डबा, आपल्या कर्णधारानं आणलेला. त्यांनी तो उघडला, आणि आमच्यादेखत गिरीशला ओरडताही येईना. बाकीच्यांनी घोटभर घेऊन तोंड वाकडं केलं. अक्का मात्र दोन पेले प्यायली. तिला आंबट लागलं नाही असं नाही. पण त्या सगळ्या शेतात विश्वास ठेवावा अशी ती एकच वस्तू आहे, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का उठली आणि तिनं "अव्वा" म्हणून हाक मारली, ती स्वतःलाही ऐकू आली नाही. घसा पार धरला होता. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, गळ्याभोवती मफलर आला. ती चादरीच्या कडेनं माझ्याकडे अशी बघायची, की मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटायचं. मी शपथ घेतली, "अक्का, आम्ही काही केलेलं नाही." तिनं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की पटलं नाही म्हणून, ते कळलं नाही. याहून वाईट म्हणजे अप्पा. ते दारात उभं राहून तिला निरखत होते. अव्वाला म्हणाले, "नेमका याच आठवड्यात बरा घसा बसला. भ्याली असंल. नाटक करती." अक्कानं ते ऐकलं. उत्तर द्यायला तिच्याकडे आवाज नव्हता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात गिरीश, हातात ज्येष्ठमधाची पुडी. त्याचा चेहरा इतका उतरला होता, की मला क्षणभर वाटलं यांच्याकडे कुणी गेलं की काय. अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. घरात मैंदर्गीचं स्थळ, आणि हा कोण उंच मुलगा अक्कासाठी काहीतरी घेऊन दारात? पेपर खाली आला.

"कोण तुमी?"

"मी शैलाच्या संघातला. काका, ताक माझं होतं. आंबट. म्हणजे खालच्यांसाठी होतं, पण ते शैला प्यायली. मी सांगायला आलोय."

अप्पा त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले. "ताक सांगायला कुणी घरापर्यंत येतंय व्हय?"

बिचाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगेल तितकं ते जास्तच खोटं वाटत होतं. दोन डबे काय, बाभळ काय, ओलं फडकं काय. शेवटी तो पुडी उंबऱ्यावर ठेवून गेला. अप्पा अव्वाला म्हणाले, "मैंदर्गीवाल्यांना उद्या सांजच्याला फोन करतो. लांबवण्यात अर्थ न्हाय." त्यांच्या मनात काय आलं होतं ते सगळ्यांना कळलं. अक्का चादरीपलीकडे गेली. तिथून कुठलाच आवाज आला नाही. मला तिचं रडणं ऐकू आलं असतं तरी परवडलं असतं.

आता मी शिकवते, मुलांना स्पर्धांना पाठवते, आणि दरवर्षी मला तेच दिसतं. हुशार पोरांचा निम्मा अभ्यास समोरचा काय करतोय याचा असतो. आमच्या त्या दोन कॉलेजांनी आम्हाला खूप काही दिलं, मी नाकारत नाही. पण जे सगळ्यात पक्कं शिकवलं ते मान वळवून बघायला. ती वळलेली मान अजून सरळ होत नाही. हुरडेवालीची पाटीसुद्धा मी तळापासून उपसते, ते उगाच नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. डावीकडे वरचे, उजवीकडे खालचे, मधली वाट मोकळी. विषय होता, स्पर्धेशिवाय प्रगती नाही. प्रत्येक संघाचा एक वक्ता बाजूनं, एक विरोधात. अक्का बाजूनं बोलणार होती, मी विरोधात, आणि चिठ्ठ्या अशा निघाल्या की माझ्या पाठोपाठ तिचा नंबर. वरच्यांच्या सरांनी तिच्याऐवजी दुसरीला उभं करायचं ठरवलं होतं. अक्कानं मान हलवून नाही म्हटलं आणि खुर्ची सोडली नाही. मी व्यासपीठावरून शेवटच्या रांगेत अप्पांना शोधलं. दिसले नाहीत. एक माकडटोपी घातलेला माणूस खांबाआड होता, पण जानेवारीत माकडटोप्या पुष्कळ असतात.

मी माझं भाषण छातीच्या जोरावर केलं. पहिले दोन मुद्दे पाठ केलेले. तिसरा आयत्या वेळी तोंडात आला. मी म्हणाले, स्पर्धेत पळणाऱ्याचे डोळे वाटेवर नसतात, शेजारच्यावर असतात, आणि शेवटी तो आपल्याच माणसांवर विश्वास ठेवेनासा होतो. उजवीकडून टाळ्या पडल्या. डावीकडे गिरीश मान खाली घालून बसला होता.

मग अक्का उठली. तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आमच्याकडून कुणीतरी म्हणालं, "सहानुभूती मागतेय." अक्का थांबली. आणि मग तिनं हात लांब करून निवेदकाचा माइक स्वतःकडे ओढला. वरच्यांच्या बाकांवरून "नाही, नाही" असा गलका झाला. त्यांचेच सर उभे राहिले. अक्कानं कुणाकडेही पाहिलं नाही. ती माइकला ओठ लावून कुजबुजत बोलायला लागली. घोगरा, फाटका, मधेच तुटणारा आवाज. तो ऐकायचा तर स्वतः गप्प बसावं लागत होतं, म्हणून हळूहळू सगळे गप्प बसले. ती चांगली बोलली. माझा पहिला मुद्दा तिनं खोडला, दुसरा तर असा खोडला की मलाच हसू आलं. तिसऱ्यापाशी ती आली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेली.

करंडक आम्हाला मिळाला. अक्काला काहीच नाही. वरच्यांनी तिच्याशी त्या दिवशी बोलणं टाकलं, माइकसाठी.

आम्ही दोघी रिक्षानं घरी आलो तेव्हा अप्पा आधीच खुर्चीत होते, आणि माकडटोपी गुडघ्यावर होती. मी करंडकाचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. ते अक्काशी बोलत होते.

"समोरच्या पोरीचा तिसरा मुद्दा सोडून दिलास. का?"

समोरची पोर म्हणजे मी. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

अक्कानं घसा खाकरला. उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाली, "खरा होता तो."

"खोडता आला असता?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

अप्पांनी माकडटोपीची घडी घातली. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी. मग अप्पा म्हणाले, "वकील होऊन असं सोडत बसलीस तर उपाशी मरशील." आणि मोबाइल उचलून त्यांनी मैंदर्गीला फोन लावला. आधी कानडीत तब्येतीची, पावसापाण्याची विचारपूस झाली. मग ते मराठीत आले, अक्काला प्रत्येक शब्द कळावा म्हणून असेल. "न्हाय हो, पोराला नाव ठेवायला जागा न्हाय. पण आमची शैला वकील व्हायचं म्हणती. व्हय, मीच सांगतोय. थांबता येत असलं तर थांबा, न्हाईतर दुसरी पोरगी बघा. आमचा राग न्हाय."

फोन खाली ठेवून ते अक्काकडे वळले. "झालं तुझ्या मनासारखं. आता तरी बोल की काहीतरी."

अक्कानं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज पार संपला होता. ती नुसती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. अप्पा उठले. तिच्या घशाला त्यांनी दोन बोटं लावून पाहिली आणि अव्वाला म्हणाले, "अगं, खरंच बसलाय हिचा घसा. दूध ठेव जरा."